तीन प्रशिक्षकांच्या हाताखालचा डॉक्टर

मी, उल्हास गोविंद देवस्थळी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, मूळचा मिरजेचा, हल्ली राहणार कॅरी, नॉर्थ कॅरोलायना, निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बुद्धी शाबूत आहे. मन स्वस्थ आहे असेही लिहायची पद्धत आहे, पण ते खरे नाही म्हणून लिहीत नाही. वीस जानेवारीला, मंगळवारी, माझी छाती उघडून हृदयाची झडप बदलणार आहेत. सर्जनबाईंनी यशाची टक्केवारी सांगितली. मी स्वतः चाळीस वर्षे पेशंटना असेच आकडे सांगितले, त्यामुळे माझ्यावर त्यांचा काही परिणाम होत नाही.

आमच्या वकील सलोनी म्हणाल्या, "काका, दोन पानांत होईल. इतकं लांब कशाला?" त्या इंग्रजी भाषांतर जोडणार आहेत. लांबले तर त्यांनी माफ करावे.

कलम १. राहते घर, त्यातील सर्व वस्तू आणि बँकेत जे असेल ते सर्व माझी पत्नी कांचन हिचे. तिच्या पश्चात आमचा एकुलता मुलगा अनीश याचे. घर विकायचे की ठेवायचे, हे कांचनने ठरवावे. तिला इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी सल्ले देऊ नयेत.

कलम २. माझी शस्त्रक्रियेची जुनी हत्यारे ज्या कॉलेजला हवी असतील त्यांना द्यावीत. गॅरेजमधली सुतारकामाची हत्यारे अनीशची. त्याला ती वापरता येत नाहीत, तरीही त्याचीच.

कलम ३. अ‍ॅल्युमिनियमची उंच शिडी गेली चार वर्षे शेजारच्या सुमंतकडे आहे. ती त्यालाच द्यावी असे मनात होते. परंतु सुमंत या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि सलोनी सांगतात की साक्षीदाराला काही देता येत नाही. सबब शिडी परत आणावी.

कलम ४. अनीशसाठी, वस्तू नव्हे, माहिती.

मी अठरा वर्षे एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचा डॉक्टर होतो. संघाचे नाव लिहीत नाही, करारात तसे बंधन आहे. त्या काळात तीन मुख्य प्रशिक्षक पाहिले. अनीश आज पश्चिमेकडच्या एका संघात बचावफळीचा प्रशिक्षक आहे आणि येत्या बुधवारी, चौदा तारखेला, दुसऱ्या एका संघाने त्याला मुख्य प्रशिक्षकपदाच्या मुलाखतीला बोलावले आहे. आपल्या माणसांपैकी त्या खुर्चीजवळ कोणी गेल्याचे मला तरी माहीत नाही. अभिमान वाटायला हवा. वाटतोही. पण त्याहून जास्त धास्ती वाटते.

पहिले प्रशिक्षक ऑल्डरमन. सगळे स्वतः करायचे. डावपेच तेच आखणार, जेवणात काय असावे तेच ठरवणार, बसमध्ये कोण कुठे बसणार तेही. तीन वर्षांत माणूस वाळून गेला. चांगला होता, पण एवढ्या मोठ्या संघाला त्याचे दोन हात पुरेनात.

दुसरे हॅन्सबरो. अतिशय हुशार. समोरचा संघ पुढे काय करणार हे त्यांना आधी दिसायचे. पहिली दोन वर्षे आम्ही जिंकतच होतो, हे नाकारून चालणार नाही. पण त्यांना वाईट बातमी सोसत नसे. ते ओरडत नसत, फक्त बघत. ज्याच्याकडे बघितले तो महिन्याभरात दिसेनासा व्हायचा. चौथ्या वर्षी अशी वेळ आली की आपला सर्वांत भक्कम गडी मोडक्या हाताने खेळतोय हे हॅन्सबरोंना वर्तमानपत्रातून कळले. संघातल्या चाळीस जणांना ते आधीच ठाऊक होते. त्या वर्षी सोळापैकी चार सामने जिंकले.

तिसरे पीटरकिन. पहिल्याच दिवशी ते आमच्या तपासणीच्या खोलीत येऊन बसले आणि म्हणाले, "डॉक, हेड कोचला काय सांगायची तुम्हाला भीती वाटते? ते आजच सांगा." मी काहीतरी थातूरमातूर बोललो. मग त्यांनी नियम केला. डॉक्टर नाही म्हणाला की नाही. कारण सोमवारी विचारायचे, सामन्यात नाही. पुढे एका बाद फेरीच्या सामन्यात मी आमच्या क्वार्टरबॅकला थांबवले. तोच तर सगळा खेळ चालवतो. पीटरकिन एवढेच म्हणाले, "ओके," आणि राखीव खेळाडूकडे वळले. आम्ही हरलो. पत्रकारांना त्यांनी सांगितले, निर्णय माझा होता. माझे नावही घेतले नाही. दोन वर्षांनी त्याच संघाने अंतिम फेरी गाठली. ती त्या नियमामुळे गाठली असे मी छातीठोक सांगू शकत नाही, फुटबॉलमध्ये काहीच तसे सांगता येत नाही. पण त्यांच्या काळात दुखणे कोणी लपवले नाही, आणि रविवारी मैदानावर कोणती माणसे उतरणार आहेत हे त्यांना खरोखर माहीत असायचे.

डावपेच पुष्कळांना येतात. ज्याच्यापर्यंत खरे वेळेवर पोचते तो प्रशिक्षक चालतो, असे माझे मत झाले आहे. हे सांगण्याचा अधिकार मला किती, ते कलम सहामध्ये आहे.

कलम ५. हेही अनीशसाठी. गेल्या ऑगस्टमध्ये मी तुझा सराव बघायला आलो होतो. तुझा सहाय्यक मेरिल, अठ्ठावन्न वर्षांचा, तुझ्याआधीपासून तिथे असलेला, हातात कागद घेऊन तुझ्याकडे आला. बोलायला तोंड उघडले. तू मान वर करून त्याच्याकडे बघितलेस. त्याने कागदाची घडी घातली, "नथिंग, कोच," म्हणाला आणि परत गेला. तुला ते दिसलेही नाही. मला दिसले, कारण ती नजर मी सहा वर्षे पाहिलेली आहे. तेव्हापासून मला नीट झोप नाही. विमानतळावर तू विचारलेस, "कसं वाटलं, बाबा?" मी म्हणालो, "मस्त."

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर टेबलाच्या खणातला पाकीटबंद जबाब टेरेन्स ग्रिली, राहणार ग्रीन्सबरो, यांना पोचवावा.

टेरेन्स आमच्या संघात होता. नोव्हेंबर २००३ मध्ये, हॅन्सबरोंच्या काळात, एका धडकेत त्याच्या मानेला हिसका बसला. खांद्याकडची शीर ताणली की सबंध हाताला आग लागते, मग तो बधिर होतो. दोन आठवड्यांत हे दुसऱ्यांदा झाले होते. मी त्याला माझी बोटे दाबायला सांगितली. पकडीत जोर नव्हता. मला कळले होते. हॅन्सबरो आले आणि म्हणाले, "डॉक?" बस, एवढाच शब्द. पंधरा दिवसांपूर्वी एका खेळाडूला थांबवणाऱ्या फिजिओला त्यांनी काढून टाकले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हो म्हणून मान हलवली. टेरेन्स मैदानात उतरला. पुढच्या तिसऱ्याच धडकेत पडला. तेव्हापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

मी मात्र बावीस वर्षे सर्वांना सांगत आलो की हॅन्सबरोंनी मला भाग पाडले. मंडळाच्या स्नेहसंमेलनात सांगितले, कांचनला सांगितले. अनीशला सांगितले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तो म्हणाला होता, "मी कोच होणार, आणि असा होणार नाही." त्याने आयुष्य त्या गोष्टीवर उभे केले आणि ती गोष्ट खरी नव्हती. हॅन्सबरोंनी भीती पसरवली, हा त्यांचा दोष आहेच. पण मान माझी होती.

टेरेन्सचा अपंगत्वाचा अर्ज दोनदा नाकारला गेला आहे. त्या दिवशी डॉक्टरने त्याला खेळायला योग्य ठरवले होते, हे त्यात एक कारण. माझ्या जबाबाने ते खोटे ठरेल.

इथपर्यंतची कलमे मी रविवारी, अकरा तारखेला लिहिली.

कलम ७. सोमवारी काय झाले ते लिहिणे भाग आहे, कारण त्यामुळे व्यवस्था बदलली.

ऑपरेशनचे अनीशला मुलाखतीनंतर सांगायचे असे मी ठरवले होते. कांचन म्हणाली, "अहो, तो लहान आहे का?" मी म्हणालो, त्याचे लक्ष विचलित होईल. तिने मला न विचारता त्याला फोन केला. सोमवारी दुपारी तो दारात उभा. बॅगसुद्धा नव्हती.

"पुढच्या मंगळवारी हार्ट सर्जरी, अँड आय हिअर इट फ्रॉम आई? तुम्ही मला कधी सांगणार होता?"

मी म्हणालो, "गुरुवारी."

टेबलावर ही पाने होती. त्याने उचलली. त्याला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. कबूल करतो, मराठीत लिहिण्याचे एक कारण तेही होते. तो म्हणाला, "हे काय आहे? वाचून दाखवा."

मी पहिली तीन कलमे वाचली. शिडीला तो हसला. चौथे वाचले. पाचवे वाचायच्या आधी थांबलो. कांचनने पाणी दिले. मेरिलचे नाव आले तसा अनीश ताडकन म्हणाला, "दॅट्स नॉट फेअर, बाबा. तुम्ही एक दिवस आलात. वन डे! मी बिझी होतो."

"असशील."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू माझ्याकडेही तसाच बघशील म्हणून."

त्याने पाने माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "पुढे वाचा." सहावे वाचताना मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही. कांचनकडेही नाही. ती ओट्याला टेकून उभी होती. तिने फक्त, "अहो, मलासुद्धा?" एवढेच विचारले.

अनीश उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "आफ्टर यू आर डेड? ग्रीन्सबरो इथून सव्वा तास आहे, बाबा. तुम्ही मेल्यावर त्याला लेटर मिळणार, आणि तो चिडणार कोणावर? आईवर?"

त्याने माझा फोन माझ्या पुढ्यात ठेवला आणि तो जेवायला बसला. रागावून जेवत होता. पण उठून गेला नाही.

सबब कलम सहा मी रद्द करीत आहे. पाकीट फाडले.

कलम ८. टेरेन्सला मी मंगळवारी, तेरा तारखेला, सकाळी फोन केला. नंबर कांचनने लावला. मी सर्व सांगितले, काही न वगळता. मग तो म्हणाला, "मला माहीत आहे, डॉक. मी तुमच्याकडेच बघत होतो. तुम्ही मान हलवलीत."

"बावीस वर्षांत विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही मला समजावून सांगितलं असतं. आणि तुम्ही चांगलं समजावता."

त्याने मला माफ केले का, हे मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. गुरुवारी तो स्वतः गाडी चालवत इथे आला. डाव्या हाताने दार लावले. सलोनींच्या ऑफिसात नोटरीसमोर मी जबाब दिला. मी जगलो तर त्याच्या अर्जाच्या मार्चमधल्या सुनावणीला जातीने हजर राहीन, न जगलो तर हा जबाब चालेल. बाहेर पडताना टेरेन्सने माझ्या कोटाची कॉलर सरळ केली आणि म्हणाला, "मंगळवारी मरू नका. मला तुम्ही तिथे हवे आहात." हे प्रेमाने म्हटले की कामापुरते, हे मला अजून कळलेले नाही.

जबाबामुळे कोणी माझ्यावर दावा लावला तर तो माझ्या हिश्श्यातून भागवावा, कांचनच्या घराला हात लागू नये. याविषयी सलोनी वेगळा कागद करीत आहेत. त्याचीही काळजी आहेच.

कलम ९. मृत्युपत्राची अंमलबजावणी अनीशने करावी. आज सकाळपर्यंत इथे सलोनींचे नाव घालणार होतो.

आज शुक्रवारी सकाळी अनीशचा फोन आला. बुधवारी मुलाखत झाली. मालकांनी विचारले, तुमची एखादी चूक सांगा. त्याने मेरिलचे सांगितले. म्हणाला, सांगताना नीट जमले नाही, अडखळलो. काल संध्याकाळी उत्तर आले. दुसऱ्याला घेतले.

मी म्हणालो, "माझ्यामुळे झालं का रे?"

"मे बी," तो म्हणाला. "आय डोन्ट नो, बाबा. नेक्स्ट इयर बघू."

मग म्हणाला की आज तो ऑफिसात पोचल्यावर आधी मेरिलकडे गेला. दार लावून विचारले, "ऑगस्टमध्ये त्या दिवशी तू काहीतरी सांगायला आला होतास आणि न सांगताच गेलास. काय होतं ते?"

मेरिल म्हणाला, "विच डे, कोच?"

मग अनीश म्हणाला, "मी त्याला म्हटलं, सगळेच दिवस सांग. तो खुर्ची ओढून बसलाय. मला आत जायला हवं, बाबा. सोमवारी रात्री पोचतो."

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले आहे. खाडाखोड माझीच आहे आणि प्रत्येक ठिकाणी आद्याक्षरे केली आहेत. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे यामुळे संपली असे समजावे. मी घाबरलेलो आहे, परंतु लिहिले ते समजून लिहिले आहे.

सही: उल्हास गोविंद देवस्थळी

आम्ही, खालील दोघे, श्री. देवस्थळी यांना ओळखतो. त्यांनी आमच्या देखत सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत. या पत्राने आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: सुमंत वसंत खरवंडीकर, कॅरी
साक्षीदार २: नीला दिगंबर पारसनीस, कॅरी

स्थळ: कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
दिनांक: १६ जानेवारी २०२६