न छापलेला ठराव

अ‍ॅशबर्न, रविवार दुपार

प्रिय आसावरी,

बातम्या वाचताना इटलीचं एक कोडं तुझ्याही लक्षात आलं असेल. २०१२ मध्ये तिथल्या राज्यघटनेत समतोल अंदाजपत्रकाचा नियम आला, तेव्हा जनतेला कुणी विचारलं नाही. २०२० मध्ये खासदारांची संख्या कमी करताना मात्र देशभर मतदान झालं. राज्यघटना एकच, मग असा फरक का? उत्तर फार सुंदर आहे. दोन्ही सभागृहांनी दुसऱ्या फेरीत दोन तृतीयांश मतांनी दुरुस्ती मंजूर केली, तर सार्वमत होत नाही. मतं त्याहून कमी पडली, तर ते मागता येतं. एका सभागृहाचे एक पंचमांश सदस्य, पाच लाख मतदार किंवा पाच प्रादेशिक परिषदा, यांपैकी कुणीही ते मागू शकतं. कुणीच मागितलं नाही, तर दुरुस्ती निमूटपणे लागू होते. आपल्या अमेरिकेत राष्ट्रीय सार्वमतच नाही, म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना हे सारं नवलाचं वाटतं. परवा हे व्याख्यान मी मायक्रोवेव्हसमोर उभं राहून, वरण गरम होईपर्यंत, पूर्ण दिलं.

तुझ्या आईचे उपचार थांबवायचे, हे तिने आणि मी गेल्या वर्षी मार्चमध्ये ठरवलं. तुझी सनीव्हेलमधली नोकरी नवी होती. "तिला एवढ्यात सांगू नकोस," असं तुझी आई म्हणाली आणि मी मान्य केलं. तू आलीस तेव्हा ती कुणालाच ओळखत नव्हती. अंत्यसंस्कारानंतर पार्किंगमध्ये तू म्हणालीस, "बाबा, मला एकदा विचारायचं तरी." आणि मी, तीस वर्षं घटना शिकवणारा माणूस, म्हणालो, "आमचं एकमत होतं." तेव्हापासून आपले फोन दोन मिनिटांचे झाले. माझं ब्लडप्रेशर, तिकडची हवा, बाय.

गेल्या आठवड्यात वर्गात देवांग नावाच्या मुलाने विचारलं, की सार्वमत मागण्याचे तीन महिने कधीपासून मोजायचे. मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून, मी सांगितलं. तो आधी छापतात. लोकांनी वाचावा, वाटल्यास मागणी करावी, आणि तोवर तो अमलात येत नाही. बोलता बोलता मी थांबलो, आणि मुलांना वाटलं मी मुद्दा विसरलो. दोन तृतीयांशांची ती सूट लोकांनी निवडून दिलेल्यांना असते. तुझ्या वतीने ठरवायला तू आम्हाला निवडलं नव्हतंस. आमचा ठराव तर आम्ही तुझ्यापुढे ठेवलाच नाही. तुझी मुदत सुरूच झाली नव्हती, आसावरी, आणि तुला उशीर झाला असं मी तुला भासवलं.

आता या घरात मत एकच उरलं आहे. जेवणाची वेळ, हीटरचं तापमान, सगळं एकमताने मंजूर होतं. अशाच एकमताने मी ठरवलं आहे, की हे घर विकावं आणि नागपूरला शैलजाआत्याकडे कायमचं राहायला जावं. अजून कुठेही सही केलेली नाही. हे पत्र तुला मिळेल त्या दिवसापासून तीन महिने मी ती करणार नाही. तू नको म्हणालीस, तर आपण दोघं बसून बोलू. काहीच म्हणाली नाहीस, तरी मी समजून घेईन. वर्गात मी मुलांना एक सोपी कसोटी देतो, ती तूही लावून बघ. कुठलाही निर्णय कळला, की स्वतःला एवढंच विचारायचं: मला हे कळलं, तेव्हा ते बदलणं शक्य होतं का? या पत्राला ती आजच लाव.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावलेला, तुझाच,
बाबा