नकाशात नसलेलं दार

प्रिय केदार,

मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून तू निरोप पाठवतोस, येत नाहीस. म्हणून मीही लिहूनच कळवते. हडपसरचं ऑफिस ठीक चाललं आहे. आईचा गुडघा तसाच. केदार जेवायला कधी येणार, असं ती अजून विचारते. तो मंडळाच्या पाहुण्यांत गुंतला आहे, असं मी सांगते.

तू ताशा वाजवायचास तेव्हा विसर्जनाची मिरवणूक गल्लीत दारोदार थांबायची, घरोघरच्या बायका गणपतीला ओवाळायच्या. आमच्या दारात ताशा जरा जास्त रेंगाळायचा. आई म्हणायची, "या मुलाचे हात दुखत नाहीत का गं?" मी तबकातली फुलं नीट करत बसायचे.

गेल्या वर्षी तू पर्यटकांना बसून मिरवणूक बघायला गॅलरी उभारलीस, नेमकी आमच्या घरासमोर. गणपती दारात आलाच नाही. आईला नऊवारी नेसायला लावून स्टेजवर नेलंत. तिने ओवाळलं, तर कॅमेऱ्यासमोर कुणाचं तरी डोकं आलं. तू म्हणालास, "काकू, पुन्हा एकदा. फोटो हुकला." तिने पुन्हा ओवाळलं. घरी तबक घासताना म्हणाली, "पहिलं देवाला होतं. दुसरं कुणाला, ते केदारला विचार." तोच फोटो यंदाच्या पत्रकावर आहे, खाली 'स्थानिकांचा सहभाग'. त्या स्थानिकाला पत्रक दाखवायला मात्र कुणी आलं नाही.

परवा तुझा मेल मिळाला. यंदाची गॅलरी मोठी आहे आणि तिच्या मजबुतीच्या दाखल्यावर माझी सही हवी आहे. "इंजिनिअर आपल्या घरचीच आहे," असं तू बैठकीत सांगितलंस म्हणे. नकाशा तपासला. खांब, तुळया, वजन, सगळं बरोबर आहे. गॅलरी पडणार नाही. फक्त आमच्या घराच्या जागी सलग भिंत दाखवली आहे, आणि तू ताशा घेऊन उभा राहायचास तिथे खांब आला आहे.

म्हणून हे पत्र. तो खांब काढून वर जाड तुळई टाकली तर दारासमोर वाट मोकळी राहते. आकडेमोड सोबत जोडली आहे, नकाशात दारही दाखवलं आहे. हे मान्य असेल तर सही करेन. नसेल तर दुसरा इंजिनिअर बघ, पुण्यात पुष्कळ आहेत. आई यंदा स्टेजवर येणार नाही, तबक घेऊन दारातच उभी राहणार आहे. समोर खांब असला तर खांबाला ओवाळेल. तेवढा फोटो हुकवू नकोस.

एके काळी तुझीच,
ऋचा