माशांसाठी बावीस गोळ्या

येडशी, ३ जानेवारी १९४५

आईनं आज ओढ्यावर धुणं आपटता आपटता विचारलं, "सुमे, चैतात ओढा आटला की मासे जातात कुठं? आन् मिरगात पाणी आलं की लगेच येतात कुठनं?"

मी म्हणाले, पुस्तकात बघून सांगते. "बघ बघ, बी. ए. झालीस ना," म्हणाली, आणि पुढचा पिळा उचलला. पुस्तकात नसेलच. असलं तरी मी वाचलेलं नाही.

टपालानं हैदराबादच्या मुलींच्या शाळेचं पत्र. शिक्षिकेची जागा माझी. महिनाअखेर उत्तर पाहिजे. वडिलांनी, अण्णांनी, पत्र तीनदा वाचलं, आपल्या शाळेत नेऊन हेडमास्तरांना दाखवलं, परत आणलं. आई ज्वारीचं पीठ चाळत राहिली.

५ जानेवारी

आईचा निकाल: "ज्या गावाला राहणार ते मला आधी दाखव. मग सांगते हां का ना."

चार वर्षं मी तिथं शिकले तेव्हा ती एकदाही आली नाही. अण्णाच सोडायला, अण्णाच आणायला. वसतिगृहाच्या कागदावर भेटायला येणाऱ्या माणसांची नावं द्यावी लागत. मी फक्त अण्णांचं दिलं होतं. आई कशाला येते, असं वाटलं. कुणाला विचारलंही नाही.

तिला काय दाखवायचं? चारमिनार बघून ती म्हणेल, बरं आहे. पुस्तकालय बघून काय म्हणेल? मला मात्र तेच डोळ्यांसमोर. दुपारचं पुस्तकालय, पंख्याचा आवाज, पानांचा वास, शेजारी कुणी न बोलता बसलेलं. इथं न बोलता कुणी बसत नाही. बसलं की "काय झालं गं?"

६ जानेवारी

सुचलं! तिथल्या मैत्रिणीच्या, वत्सलेच्या, पत्रात होतं, बागेत नुमाइश, मोठं प्रदर्शन, भरली आहे, तिथं एका शामियान्यात काचेचे हौद, त्यांत देशोदेशीचे मासे. आईला मासे आवडतात. बघायला, घरात तर वासही चालत नाही. अण्णा रजेचा अर्ज देणार. संक्रांत झाली की निघायचं. तिघं. आम्ही तिघं मिळून कधी कुठं गेलोच नाही, लग्नं आणि मयती सोडून.

१७ जानेवारी

अडचण. सोमवार २२ ला आम्ही तिथं असणार, आणि तो आईचा सोमवार. माझ्या जन्माच्या महिन्यातला चौथा सोमवार, रामलिंगाच्या डोहावर माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या. जितकं माझं वय तितक्या गोळ्या. मी पोटात असताना नवस बोलली होती. माझ्या आधीची दोन राहिली नव्हती. एकही साल चुकवलेलं नाही. मी है.बादला असतानाही ती एकटी जंगलातून डोहावर जाऊन यायची, हे मला अण्णांकडून आत्ता कळलं.

म्हटलं, पुढच्या सोमवारी घाल.

"देवाला वायदा करतात व्हय?"

अण्णा म्हणाले, मासे तिथंही आहेत, तिथंच घाल की. थट्टेनं म्हणाले. आई मात्र हसली नाही, विचारात पडली.

२० जानेवारी, है.बाद

काल पहाटे निघालो. येडशीहून लहान गाडी, कुर्डुवाडीला मोठी. करोडगिरीवाल्यानं, जकातीच्या शिपायानं, सामान उघडायला लावलं. आईच्या मांडीवरचा डबा उघडून त्यानं एक गोळी चिमटीत धरली. "ये क्या है?" अण्णा म्हणाले, "गोलियाँ हैं, साहब. बंदूक घरी विसरली." त्याला हसू आलं नाही. आईनंच सांगितलं, "मच्छी का खाना." मग त्यानं झाकण लावून दिलं, दोन्ही हातांनी.

उतरलोत अण्णांच्या आतेभावाकडे. आईला रात्रभर ट्रामसारखं काहीतरी ऐकू येत होतं म्हणे. इथं ट्राम नाही.

२१ जानेवारी

शाळा दाखवली, बाहेरून. रविवार, फाटक बंद. आईनं गजांतून पाहिलं. "विहीर कुठाय?" म्हटलं, नळ आहे. "नळ गेला तर?"

संध्याकाळी जुन्या रस्त्यानं चालले. माझे पाय ओळखतात हे दगड. आईनं पदर घट्ट धरला होता, आणि मी चार पावलं पुढं जात होते, पुन्हा मागं येत होते. किती आठवण काढली मी या गावाची वर्षभर. गावाला पत्ताही नसेल.

२२ जानेवारी, सोमवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तरी लिहिते.

शामियान्यात अंधार, हौदांच्या मागं दिवे. आई पहिल्याच हौदापाशी उभी राहिली ती हलेना. एक लाल मासा, शेपूट रेशमी लुगड्याच्या पदरासारखी, काचेपर्यंत आला. आई हळूच म्हणाली, "आपण डोहात यांची पाठच बघतो गं. तोंड आज बघितलं." मग, "पापणीच न्हाय. झोपत कसे असतील?" मला इतका आनंद झाला. वाटलं, जिंकले. आता ही हो म्हणेल.

अण्णा पाटीवरची नावं उर्दूतून वाचून दाखवत पुढं गेले. मीही एक हौद पुढं. मागं वळले तो आईनं वरची जाळी सरकवली होती आणि ओठांत काही म्हणत एकेक गोळी सोडत होती. मासे धावले. दोन गोळ्या खाल्ल्या, बाकीच्या तळाशी फुटल्या, आणि बघता बघता पाणी चुना कालवल्यासारखं पांढरं.

रखवालदार ओरडला. "अम्मा! क्या डाले तुम? मछल्यां मर जाते ना!" लोक वळले. दोन बायका, चांगल्या साड्यांतल्या, हसल्या. त्यांतली एक माझ्याकडे बघत होती.

आणि मी म्हणाले. स्वच्छ उर्दूत, जी मी इथंच शिकले. "माफ कीजिए, गाँव के लोग हैं, इन को मालूम नहीं."

गाँव के लोग. माझी आई आहे, असं नाही म्हणाले.

आईनं डब्याचं झाकण लावलं. येडशीच्या बाजारात निम्मा सौदा याच बोलीत होतो. तिला प्रत्येक शब्द कळतो.

रखवालदारानं जाळीनं गोळ्या काढल्या. तोवर अण्णा आले, त्याला समजावून सांगितलं, मुलीसाठी आहे, नवस आहे. तो म्हातारा एकदम मऊ झाला. "पहले बोलना था, अम्मा. मैं बाहर के हौज पे ले जाता." म्हणाला, आमच्या गावातही तळ्यावर घालतात. मग आईनंच त्याला विचारलं, "साहेब, हमारे ओढे का पानी गया तो मच्छी किदर जाती?"

"बहुत सारे मर जाते, अम्मा. थोड्यां गीली मिट्टी में नीचे दबके बैठते. पानी आया तो निकलते."

"खाती क्या तब तक?"

"कुछ नहीं. बैठते."

मी दोन हौद पलीकडे एका पाटीकडे बघत उभी होते. पाटीवर काय होतं, आठवत नाही.

२३ जानेवारी

परतीच्या गाडीत. अण्णा झोपलेले. मी बोलायची सुरुवात केली, "आई, काल मी..." तिनं खिडकीबाहेर बोट केलं, "तूर बघ किती आलीय."

थोड्या वेळानं आपणच म्हणाली, "जा तू. कागद पाठव."

जे ऐकायला तिला एवढ्या लांब नेलं, ते हेच.

म्हटलं, "गाव आवडलं?"

"चांगलं आहे. तुला तिथं कुणी गावची म्हणणार न्हाय."

रागानं नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं. डबा मांडीवर होता. अकरा गोळ्या पडल्या, अकरा राहिल्या. तिनं मोजल्या होत्या.

२५ जानेवारी, येडशी

अण्णा सगळ्यांना मासे सांगत फिरताहेत. काचेची भिंत, पाण्यात दिवे, शेपूट हातभर. रोज शेपूट वाढते. आईला शेजारणींनी विचारलं, तर म्हणाली, "आमच्या डोहातल्यासारखेच. फक्त कोंडलेले." गोळ्यांचं कुणाला सांगितलं नाही. माझ्यासाठी झाकलं की स्वतःसाठी, कळत नाही.

ओढ्यावर गेले होते एकटी. पाणी अजून घोट्यापर्यंत आहे. खालचा चिखल हातानं चाचपून पाहिला. गार, मऊ. किती खोल जात असतील.

मला शाळा हवी आहे, अगदी मनापासून. वर्गात तीस मुली, प्रत्येकीच्या घरात शिकणारी तीच पहिली. आणि मला आईही तशीच हवी आहे, २२ तारखेच्या सकाळची, काचेला नाक लावून उभी. दोन्ही एका वेळी मागायला लाज वाटते.

२७ जानेवारी

शाळेकडून शिक्षिकांच्या वसतिगृहाचा कागद आला. तोच जुना नमुना. भेटीस येणाऱ्यांचं नाव, नातं, वय, मुक्काम. यादीत नाव नसलेल्याला फाटकाच्या आत घेत नाहीत, सख्खी आई असली तरी. चार वर्षं फाटक तिला बंद होतं, आणि बंद मी केलं होतं, एक ओळ कोरी ठेवून.

विचारलं, "आई, तुझं वय किती?"

"कशाला?"

"असंच."

"मानमोडीच्या साली लग्न झालं. तेव्हा परकरात होते. पुढचं तूच मांड, शिकलीस ना."

मांडता येत नाही. मानमोडीची साथ १९१८ ची, पण परकरात म्हणजे नऊ की बारा? तिच्या माहेरी आता सांगणारं कुणी उरलेलं नाही. माझ्या बावीस वर्षांतला एकेक सोमवार तिला पाठ आहे.

२९ जानेवारी, सोमवार

सकाळी कणीक मी भिजवली. आई म्हणाली, "अकरा आहेत की माझ्याकडं, वाळलेल्या का असेनात."

"या तुझ्या नाहीत. तुझ्यासाठी आहेत."

"माझ्यासाठी? मला कुणी घालत न्हाय."

"किती करू ते सांग."

तिनं नुसती परात पुढं सरकवली. मी कणीक संपेपर्यंत गोळ्या वळल्या. शेवटची जरा लहान झाली.

रामलिंगाला दोघीच गेलो. वाटेत तिनं मला दोनदा हळू चालायला सांगितलं, आणि दोन्ही वेळा मी तिच्या बरोबरच होते. डोहावर तिनं तिच्या अकरा सोडल्या. मग मी माझ्या. वरून पाठीच दिसतात खऱ्या, काळ्या, एकीवर एक. पाणी गढूळ झालं नाही. तिथं सांगायचं होतं, "आई, त्या दिवशी मी चुकले." तिनं माझ्या हाताला लागलेलं पीठ आपल्या पदरानं पुसलं, आणि ते राहिलंच.

येताना ती म्हणाली, "तो म्हातारा चांगला होता." मी म्हणाले, होता. "पुढच्या साली असेल का तिथं?" माहीत नाही म्हणाले. तिनं का विचारलं, तेही विचारलं नाही.

कागद मी रामलिंगाला निघण्याआधीच टपालात टाकला होता. पोस्टमास्तरांनी माझ्यादेखत थैलीत घातला, दुपारच्या लहान गाडीनं गेला. नोकरी पत्करली. भेटीस येणाऱ्यांत पहिल्या ओळीत सुंदराबाई, उर्दूत, नीट अक्षरात. नातं: माँ. दुसऱ्या ओळीत अण्णा. वयाचा रकाना तिच्या नावापुढं कोरा ठेवला.

आईला अजून सांगितलेलं नाही.