केसांच्या चार जाती

२ मे १९५५
आज प्यू साहेबांनी हॅट विभागातल्या सगळ्यांना काउंटरपाशी बोलावलं. सरकारचं नवीन ओळखपत्र. त्यावर माणूस गोरा, मिश्र की काळा, ते छापलेलं असणार. ऑगस्टपर्यंत प्रत्येकाने आपलं दाखवायचं. आपल्या दुकानात अर्थात एकच उत्तर आहे, असं ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. इतरांपेक्षा जरा जास्त वेळ.
दुकानात मला गोरा समजतात. मी तसं कधी सांगितलेलं नाही. तसं नाही, असंही सांगितलेलं नाही. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत.
निश्चय: कार्ड मिळवायचं. शांतपणे, पद्धतशीर.

५ मे
पद्धत कळली. शंका असेल तर ऑफिसात केसांत पेन्सिल खोचतात. पडली तर गोरा. अडकली तर मिश्र.
गल्लीतल्या सिबिलमावशीच्या भाच्याची अडकली. मावशी दारात बसून मासे साफ करत होती. म्हणाली, देवाने नाक दिलं, डोळे दिले, सरकारला सापडले ते केस. भाच्याला ती म्हणाली होती, ती पेन्सिल तरी घेऊन यायचीस, मेल्या, घरात उपयोगी पडली असती.
बाई अडाणी आहे. मला पद्धत आवडली. हॅट विकणाऱ्या माणसाला डोक्यांची माहिती असतेच.

८ मे
केसांच्या चार जाती ठरवल्या. पहिली, सरळ. दुसरी, लाट असलेली. तिसरी, कुरळी. चौथी, बारीक घट्ट वळ्यांची, मिऱ्यांसारखी. पहिल्या दोन गोऱ्या. तिसरी हवामानावर अवलंबून. चौथीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.
जेवणानंतर घरात परीक्षा घेतली, बायकोची, दोन्ही मुलांची आणि माझी. हेस्टर: पहिली. पेन्सिल सोडायच्या आत पडली. आयव्हर सहा वर्षांचा, चुळबुळ्या, तरी दुसरी. मी: दुसरी. मान किंचित हलवावी लागली. माणूस मान हलवतोच.
रोना: तिसरी. हवा दमट होती.

९ मे
रोना ती पेन्सिल डोक्यात तशीच ठेवून शाळेत गेली. संध्याकाळी तशीच परत आली. मधे दोरीवरच्या उड्याही मारल्या म्हणे. हेस्टर हसत सुटली. दोघी हसत होत्या. मी हसलो नाही.
दहा वर्षांच्या मुलीला परिस्थितीची जाणीव हवी.

२१ मे
लोखंडी फणी शेगडीवर तापवून रोनाचे केस स्वतः ओढले. कानाला जरा चटका बसला. रडली नाही. शहाणी आहे. केस सरळ, चकचकीत. पहिली जात! हेस्टरला बोलावून दाखवले. ती कानाकडे बघत होती.
दुपारी समुद्रावरून धुकं आलं. ओल लागून केस पुन्हा वळले की आमच्या गल्लीत म्हणतात, केस घरी गेले. चहाच्या वेळेला रोनाचे केस घरी गेले होते.
चौथी. दुरुस्ती करून ठेवतो.

४ जून
हेस्टरचा जुना स्टॉकिंग, म्हणजे लांब पातळ मोजा, घेतला. केस ओले करून डोक्याभोवती गोल फिरवायचे, वर स्टॉकिंग घट्ट चढवायचा आणि झोपायचं. गल्लीतल्या सगळ्या बायका शनिवारी हेच करतात. मी रोज करतो. फरक स्पष्ट आहे. कपाळावर वळ उठतो, तो हॅटचा म्हणून खपतो.
हेस्टर म्हणाली, विल्फ, तू ते डोक्यावर घेऊन रात्री मध्येच उठलास की मला चोर शिरल्यासारखं वाटतं.
तिला विज्ञानात रस नाही.

१२ जून
रोनाला डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये, मिश्र लोकांच्या वस्तीत, माझ्या आईकडे ठेवून आलो. तात्पुरतं. तपासणी होईपर्यंत. आईला सोबत होईल, आणि रोनाची शाळाही तिकडून जवळ. सगळ्यांचाच फायदा.
रोनाने विचारलं, आयव्हर का नाही येत? म्हणालो, आयव्हर लहान आहे. तिने स्वतःच्या केसांना हात लावला आणि पुढे काही विचारलं नाही. समजूतदार.
आई म्हणाली, तुझे केस लहानपणी कसे होते ते मला विचार, मीच विंचरायची, किंचाळून गल्ली गोळा करायचास. वयामुळे तिची स्मरणशक्ती बिघडते आहे.

१४ जुलै
तपासणी. कोरडा दिवस, ढग नाही. देव बाजूने आहे.
अधिकारी तरुण, सर्दी झालेला. आधी हेस्टर. पडली. आयव्हर. पडली. मग मी. पेन्सिल क्षणभर थांबली. खोली फार शांत होती. मी मान हलवली. लाकडी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. इतका चांगला आवाज मी पूर्वी ऐकलेला नाही.
मुलं किती, असं त्याने विचारलं. मी आयव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच. त्याने एक लिहिलं. मी नाही, त्याने लिहिलं.
हेस्टर खिडकीबाहेर बघत होती. ट्रेनमध्येही बाहेरच बघत होती. उन्हामुळे डोकं दुखत असावं.

२९ जुलै
कार्डं आली. तिघेही गोरे. प्यू साहेबांना माझं दाखवलं. त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, तुमच्याबद्दल कुणाला शंका होती, मिस्टर आरेन्से? मी म्हणालो, कुणालाच नाही.
पाइनलँड्समध्ये घर बघितलं. गोऱ्यांची वस्ती, पुढे बाग. शेजारीण कुत्र्यालाही इंग्रजीत रागावते.
आयव्हरला घर आवडलं. रोनाची खोली कुठली, असं त्याने विचारलं. मोठ्याने. मी त्याला बागेत नेलं.

३ ऑगस्ट
नवीन घरात राहायला आलो. रोनाचाही प्रश्न सोडवला. बराच विचार केला आहे, कुणी माझ्यावर निष्काळजीपणाचा आरोप करू शकत नाही. त्या वस्तीत मिश्र मुलगी राहू शकत नाही. पण मोलकरणीची मुलगी मागच्या खोलीत राहू शकते. कायदा तेवढं चालवून घेतो. रोना रोज डोळ्यांसमोर राहील. भांडी घासायला ती तशीही चपळ आहे.
जेवताना सांगितलं. हेस्टर म्हणाली, आणि मोलकरीण कोण? तुझी आई का?
मी म्हणालो, खरं म्हणजे मी आईचाच विचार केला होता.
तिने ताट उचललं. माझं होतं. मी अजून जेवत होतो.

४ ऑगस्ट
दुकानातून आलो तर हेस्टर नाही, आयव्हर नाही. दोघांचे कपडेही नाहीत. टेबल पुसलेलं. बायका अशा वेळी चार दिवस माहेरी जातात. ही रोनापाशी, माझ्या आईकडे गेली असणार, म्हणजे काळजी नाही.
निश्चय: मागे जायचं नाही. तिला स्वतःहून पटेल.

१९ ऑगस्ट
तिला अजून पटलेलं नाही.
जुन्या घराची किल्ली द्यायला गल्लीत गेलो होतो. सिबिलमावशीने दारातूनच हाक मारली, या या साहेब, वाट चुकलात वाटतं, खुर्ची पुसून देऊ का? आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. मग तिने सांगितलं, ऐकायची इच्छा नसताना.
हेस्टर ऑफिसात गेली होती. स्वतःहून. म्हणाली, मला मिश्र करा, माझ्या मुलालाही. तिथे असं कुणी मागत नाही. त्या सर्दीवाल्याला वाटलं बाई आजारी आहे. त्याने पुन्हा पेन्सिल खोचली, पडली. आणखी एकदा खोचली, पडली. तो म्हणाला, मॅडम, आम्ही काही करू शकत नाही, घरी जा. ती घरी गेली आणि रोनाला घेऊन परत आली. त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, रोनाच्या केसांत खोचली आणि हात काढून घेतला. पेन्सिल उभी राहिली. हेस्टर म्हणाली, ही माझ्या पोटची. आता लिहा.
त्यांनी लिहिलं.
मावशी हे सांगताना हसत नव्हती. म्हणाली, विल्फी, गोऱ्या माणसाने मिश्र बाईबरोबर राहिलं तर पोलीस येतात ना रे आता? मी म्हणालो, कायद्याची मला कल्पना आहे.

२० ऑगस्ट
प्यू साहेबांनी मिसेसची चौकशी केली. म्हणालो, छातीच्या दुखण्यामुळे हवापालटाला गेली आहे. त्यांनी लिंबू-मध सुचवलं.
मी माझं कार्ड बदलून घेऊ शकतो. नियमात बसतं. केस आठवडाभर मोकळे सोडले तर पेन्सिल राहील. मला ते माहीत आहे. पण मग दुकानातली नोकरी जाईल, आणि दोघांनीही त्या बाजूला जाण्यात शहाणपण नाही. इथून मी त्यांना जास्त मदत करू शकतो. हे हेस्टरला समजावून सांगितलं पाहिजे. प्रत्यक्ष.

२८ ऑगस्ट, रविवार
आईकडे गेलो. सूट, हॅट, आयव्हरसाठी चॉकलेट, रोनासाठी रिबन. बोलायचं ते ट्रेनमध्ये जुळवलं. दिवसाउजेडी, पाहुणा म्हणून, थोडा वेळ. त्याला कुणाचा आक्षेप असू शकत नाही.
रोनाने दार उघडलं. केस मोकळे, मोठे, डोक्याभोवती सगळीकडे. उंच झाली आहे. मला पाहून ती जरा मागे सरली आणि हात मागे धरून उभी राहिली.
कोण हवंय सर, असं विचारलं.
मी म्हणालो, रोना.
तिने आत वळून सांगितलं, आजी, एक गोरे साहेब आले आहेत. आतून जेवणाचा आवाज येत होता, आयव्हर काहीतरी मागत होता, हेस्टर थांब म्हणत होती. मग सगळं थांबलं. आईने आतूनच विचारलं, काय हवंय त्यांना?
रोनाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. काउंटरवर मी गिऱ्हाइकाकडे बघतो तसं. उत्तराची वाट बघत होती.
मी म्हणालो, पत्ता चुकला.
ती पायरी उतरून रस्त्यावर आली आणि मला स्टेशनचा रस्ता दाखवला. नीट समजावून, दोन्ही वळणं सांगून.