पुढच्या दाराने ये

लाडक्या आईस, डोंगरावरून उर्सीनाचा नमस्कार.

मी मजेत आहे, काळजी करू नकोस. हॉटेलमालक काफ्लिशने मला पिसांच्या गादीवर ठेवलंय. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

त्याचे बडे पाहुणे बर्फावरून घसरत आपल्याच कुरणातून हॉटेलच्या दारात उतरतात, आणि त्यासाठी आपण दिलेल्या परवानगीची मुदत संपलीय. म्हणून हा पाहुणचार. "उर्सीनाबाई, एवढी एक सही करा हो!" म्हणत दिवसभर माझ्या मागे-मागे फिरतो.

आठवतं? तू चीज पोचवायला आलीस आणि जरा शेकोटीपाशी हात शेकलेस, तेव्हा हाच सगळ्यांदेखत ओरडला होता, "ए बाई, गोठ्याचा वास येतोय, मागच्या दाराने जा!" घरी येऊन तू तीनदा अंघोळ केलीस. मी नऊ वर्षांची होते. विसरले नाही.

आज त्याला सांगितलं, "रविवारी माझी आई जेवायला येईल. मधल्या टेबलावर बसेल. दार तुम्ही उघडायचं, वाढायचंही तुम्हीच. मग सहीचं बघू." पांढराफटक पडला, पण कबूल झाला.

तेव्हा रविवारी दूध काढून झालं की तशीच ये. सही द्यायची की नाही, ते पोटभर जेवून तूच ठरव. फक्त बूट धुऊ नकोस.

तुझ्याइतकीच हट्टी,
उर्सीना