तिसरी रांग, अकरा आणि बारा

शुक्रवार, २ फेब्रुवारी. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. अंपारो घरी नसल्यामुळे वेळ भरपूर आहे, तो सत्कारणी लागावा. अंपारो म्हणजे माझी बायको. (हे लिहायची गरज नव्हती. मला माहीत आहे.) सहा जानेवारीला आम्ही तीन राजांच्या सणाचा केक कापला आणि ती रेआल देल मोन्तेला बहिणीकडे गेली. बहिणीचा गुडघा. पाचुकाहून बसने अर्धा तास. गुडघा बरा झाला की येईल.
केकमधला बाहुला माझ्या तुकड्यात निघाला होता, म्हणजे रिवाजाप्रमाणे आजचे तमाले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले, माझ्याकडून. डझनभर घेऊन येतो.

संध्याकाळी ७.
कोणी आलं नाही. बोलावलं नव्हतं, हेही आहे. नऊ खाल्ले. तिखट कुठले आणि गोड कुठले, कळलं नाही.

रविवार, ४ फेब्रुवारी.
कुस्तीच्या अरेनात गेलो. तिसरी रांग, खुर्ची अकरा माझी, बारा अंपारोची. सवयीने दोन तिकिटं काढली. बारावर हॅट ठेवली.
मुख्य लढत: तांब्याचा देवदूत विरुद्ध काळा नोटरी. दोघेही मुखवटेवाले पैलवान. देवदूत सज्जनांच्या गोटातला, नोटरी दांडग्यांच्या. नोटरी समोरच्याला लोळवतो आणि त्याच्या कपाळावर ‘रद्द’ असा रबरी शिक्का मारतो. सोळा वर्षं हेच चाललंय. शिक्का मारायच्या आधी तो आमच्या रांगेपाशी येतो, आणि अंपारो उभी राहून त्याचा उद्धार करते. अरे नोटऱ्या, आधी स्वतःच्या ढेरीवर मार, तिची मुदत कधीच संपलीय! नाहीतर, कणीक कमी मळ रे, मनगटं बघ तुझी! कणकेचं काय काढते ते मला कधी समजलं नाही. पण अख्खी अरेना हसते आणि नोटरीला चेव येतो.
आज आला, बाराकडे बघितलं, हॅट दिसली. शिक्का हातात तसाच धरून परत गेला. मग हरला.
मला काही वाटलं नाही. समीक्षकाने अलिप्त असावं.

सोमवार, ५ फेब्रुवारी.
कॉलम लिहिला. ‘तिसऱ्या रांगेतून’, साप्ताहिक ‘ला लिंतेर्ना’, वर्ष एकोणिसावं. पूर्वी सोमवारी सकाळी अंपारो बडबडायची आणि मी टाईप करायचो. म्हणजे तिच्या बडबडीतून सार काढून, माझ्या शैलीत. आता मधली बडबड नसल्यामुळे काम किती झटपट होतं! सात मिनिटांत मोकळा. ‘लढत झाली. दोघे लढले. देवदूत जिंकला.’ एक शब्द जास्तीचा नाही. शैली आता पिकली आहे.
कोपऱ्यावरचं लिब्रादोचं पास्त्यांचं, म्हणजे सारण भरून भाजलेल्या करंज्यांचं, दुकान बंद. सोमवारी बंदच असतं. उरलेले तीन तमाले खाल्ले.

गुरुवार, ८ फेब्रुवारी.
अंक आला. मागोमाग एडिटर नायेलीचा फोन. वय तीस. म्हणाली, तोवार सर, पूर्वी तुमचा कॉलम वाचून माझी आजी टेबलावर मुठी आपटायची, आता विचारते, तोवारला बरं नाही का? मी म्हटलं, मॅच्युरिटी. ती म्हणाली, सर, तुमच्या मॅच्युरिटीने पान भरत नाही, खाली गॅसच्या शेगडीची जाहिरात टाकावी लागली. पंचवीस तारखेपर्यंत बघते, नाहीतर कॉलम बंद.
तिची आजी म्हातारी झाली आहे. हे कुणीतरी तिला सांगायला हवं.
दुपारी लिब्रादोकडे. बटाटा आणि मांसाचा पास्ता. वाफ तोंडावर आली, वास आला नाही. लिब्रादोच्या कपाळाला पट्टी. विचारलं तर म्हणाला, ओव्हनचं दार लागलं, मास्तर. इतकी वर्षं दुकान चालवतोय आणि दर आठवड्याला कुठेतरी आपटतो. काही लोकांचे हातपाय त्यांच्या ताब्यातच नसतात. मग त्याने विचारलं, नोटरीबद्दल काय लिहिलंत? म्हटलं, काही नाही, हरला. त्याने सोबतची लोणच्यातली मिरची दिली नाही. पिशवी हातात देताना म्हणाला, बाई कधी येणार? म्हटलं, गुडघा.

शनिवार, १० फेब्रुवारी.
माझी एक खासियत नोंदवून ठेवतो. मुखवट्याआडचा माणूस मी चालीवरून ओळखतो. बोलून दाखवत नाही, मुखवट्याचा मान राखायचा असतो. काळा नोटरी म्हणजे पाणीपुरवठा ऑफिसातला प्लुतार्को इबार्रा. २००९ सालीच ओळखला. तसाच डाव्या पायावर भार, तसंच पोट, आणि शिक्के मारायची सवय. अंपारोला बसमध्ये सांगितलं तर ती इतकी हसली की आम्हाला एक स्टॉप आधी उतरावं लागलं. तिला माणसांची पारख नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी.
जाहीर झालं! पंचवीस तारखेला मुखवट्यावर मुखवटा. देवदूत आणि नोटरी, तीन डावांत दोन, हरेल त्याने भर रिंगमध्ये मुखवटा काढायचा आणि माइकवर सांगायचं: नाव, गाव, किती वर्षं लढतोय. एकदा सांगितलं की तो मुखवटा कायमचा गेला. ते नाव अचूक छापणं हे समीक्षकाचं पहिलं काम. एकोणीस वर्षांत माझं एकही नाव चुकलेलं नाही. (अंपारो तळहातावर लिहून घ्यायची. सवय तिची, जबाबदारी माझी.)
लोक नाचत होते. मी बसून होतो. पाय बधिर झाला होता, नंतर बाकीचंही.
संकल्प: पंचविसाला असा कॉलम लिहायचा की आजीचं टेबल मोडेल. अंपारोला फोन करायचा नाही. करायचा तर तिने करावा.

बुधवार, १४ फेब्रुवारी.
राखेचा बुधवार आणि प्रेमिकांचा दिवस एकाच तारखेला आले. चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली, बाहेर आलो तर लाल फुगे. दुकानात गेलो, लिब्रादोने राख पट्टीवरच लावून घेतली होती. म्हणाला, मास्तर, बाईंना फुलं पाठवा की. म्हटलं, फुलांनी गुडघे बरे होत नाहीत. त्याने आज दोन मिरच्या दिल्या.
संध्याकाळी फोन केला. (निव्वळ चौकशी.) बहिणीने उचलला. जिन्यावरून धावत आली असावी, धापा टाकत होती. गुडघ्याच्या मानाने लवकर आली. म्हणाली, अंपारो बाजारात गेलीय. मागून अंपारोसारखाच आवाज आला: सांग, बाजारात गेलीय म्हणून. त्या गावात भिंती फार पातळ असतात.

रविवार, १८ फेब्रुवारी.
लढती झाल्या. मी बहुतेक जागा होतो.

गुरुवार, २२ फेब्रुवारी.
अप्रतिम कल्पना सुचली. पंचविसाचा कॉलम आजच लिहून टाकायचा! देवदूत फॉर्मात आहे, नोटरी महिनाभर ढेपाळलाय, निकाल उघड आहे. नावही मला माहीत. सोमवारची घाई नको. लिहिला. दीड पान झालं. ‘आणि मग माइकवर ते नाव उमटलं: प्लुतार्को इबार्रा!’ उद्गारचिन्हसुद्धा घातलं. वाचून काही वाटलं नाही, पण वाचकांना वाटेल.

रविवार, २५ फेब्रुवारी. संध्याकाळी ८.
पूर्ण एकाग्रतेने मॅच बघितली.
अंपारो आली होती. समोरच्या बाजूला, दांडग्यांच्या चाहत्यांमध्ये, बँडशेजारी. मी तिकडे बघितलं नाही. हिरवा स्वेटर होता, कोपरावर उसवलेला. तो टाकून दे म्हणून मीच सांगितलं होतं, तिने टाकला नाही. केस कापलेत, मानेपर्यंत. शेजारच्या बाईच्या पिशवीतल्या शेंगा खात होती आणि टरफलं खाली न टाकता मुठीत धरून ठेवत होती. पहिल्या डावात दोनदा उठली, म्हणजे तो नोटरीचा असावा. दुसऱ्यात ओठ चावत होती. तिसऱ्यात जोरात ओरडली. बँडमुळे मला ऐकू आलं नाही, नोटरीला आलं असावं, कारण तिकडचे सगळे हसले. मग तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मग सगळी अरेना उभी राहिली आणि ती दिसेना, म्हणून मी खुर्चीवर चढलो. रिंग नीट दिसावी म्हणून.
माइकवर कोणीतरी काहीतरी बोललं. अंपारोने टरफलांची मूठ तोंडावर धरली आणि रडली. एकोणीस वर्षं ती माझ्या शेजारी बसली. मुखवटा उतरला की ती रडते, हे मला माहीत नव्हतं.
छातीत दुखलं. हृदयाचं नव्हे, तसलं दुखणं मी ओळखतो. हे दुसरं. दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी दुखलं आणि बरं वाटलं.
नाव ऐकायचं राहिलं. हरकत नाही, लिहून तयार आहे.

सोमवार, २६ फेब्रुवारी.
नायेलीला कॉलम पाठवला. म्हणाली, सर, मी काल गावाला होते, नाव एकदा चेक केलंत ना? मी म्हटलं, पोरी, एकोणीस वर्षं. ती म्हणाली, सॉरी सर. दीड पान बघून खूश झाली. शेगडीची जाहिरात काढली.
सर्दी झाल्यासारखं वाटतंय, तीन दिवस घरीच. लिब्रादोकडूनच मागवणार होतो, पण दुकान बुधवारपर्यंत बंद असल्याची पाटी आहे म्हणे.

गुरुवार, २९ फेब्रुवारी.
अंक घेऊन लिब्रादोकडे गेलो. दुकानाबाहेर ही रांग! ईस्टरआधीच्या उपवासात मांस वर्ज्य, त्यामुळे माशाच्या पास्त्यांना मागणी असते. लोक मोबाईलवर फोटो काढत होते, पास्त्यांचे काय फोटो काढायचे असतात कोण जाणे. मी रांग तोडून पुढे गेलो, आपलं दुकान. अंक काउंटरवर ठेवला.
लिब्रादोने सगळा वाचला, बोट फिरवत. मान एका बाजूला अवघडलेली. मग म्हणाला, मास्तर, माझं नाव काय? म्हटलं, लिब्रादो. म्हणाला, पूर्ण? मला येईना. आठवड्याला तीन पास्ते, सोळा वर्षं, आणि मला आडनाव येईना.
त्याने पीठ लागलेले हात पुसले, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, लिब्रादो मोन्सोन. गाव ओमित्लान. सोळा वर्षं.
नाव, गाव, वर्षं. रांगेतल्या एका म्हातारीने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.
मी म्हटलं, अभिनंदन. म्हणाला, हरलो मी, मास्तर. पास्ता दिला. मिरची मागायचं धाडस झालं नाही.

शुक्रवार, १ मार्च. सकाळी ११.
नायेलीचा फोन. ओरडली नाही, ते जास्त वाईट. म्हणाली, दुरुस्ती इंटरनेटवर टाकलीय, सर. आजीने तुमचं कात्रण चुलीत घातलं. पुढच्या आठवड्यापासून कॉलम तुमच्याकडे नाही.

दुपारी १.
दारात प्लुतार्को इबार्रा. मी कडी लावून आतूनच बोलत होतो. पण तो भांडायला आलाच नव्हता. म्हणाला, तोवार, ती इंटरनेटवरची दुरुस्ती रविवारपर्यंत काढून ठेवता येईल का? बायकोने काल अंक वाचलाय, रात्रीपासून मोलेचा रस्सा शिजवत होती, आता तर शेजाऱ्यांना बोलावून खाऊ घालतेय. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे अशी बघतेय रे. नंतर सांगेन तिला, तीन दिवस राहू दे. मी म्हटलं, माझ्या हातात आता काही नाही. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो. तो जिना उतरला. डाव्या पायावर भार. काही केल्या पैलवानाची चाल वाटेना.

संध्याकाळी ६.
अंपारोचा फोन. स्वतःहून. म्हणाली, खरं नाव मीच नायेलीला कळवलं. म्हणाली, फेर्मिन, गाढवा, खुर्चीवर चढून माझ्याकडे बघत होतास, अख्ख्या अरेनाने बघितलं. एकोणीस वर्षं शेजारी बसले, रोज समोर बसून जेवले, एकदा मान वळवली नाहीस. आणि वळवलीस केव्हा, तर लिब्रादोचा मुखवटा उतरताना! तो बिचारा नाव सांगताना रडत होता आणि तू माझे केस बघत होतास.
मी म्हटलं, केस चांगले दिसतात.
मग म्हणाली, नायेलीने कॉलम मला दिलाय, मी हो म्हटलंय. म्हटलं, छान. आणि मग, काहीतरी बोलायचं म्हणून, बहिणीच्या गुडघ्याची चौकशी केली. म्हणाली, कुठला गुडघा?
जाताना तिने कारण सांगितलं होतं. सहा जानेवारीला, दारात उभी राहून, बरंच सांगत होती. मी तेव्हा केकमधला बाहुला नळाखाली धूत होतो, पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. गुडघा मी नंतर घातला. लोक विचारत होते.

रविवार, ३ मार्च. संध्याकाळी ७.
एकच तिकीट काढलं. बारावर एक लठ्ठ बाई बसली होती, हॅट मांडीवर ठेवून घ्यावी लागली. संकल्प: आज फक्त रिंगकडे बघायचं. कॉलम नाही, एडिटर नाही, निवांत बघता येईल.
लिब्रादो पहिल्यांदाच उघड्या चेहऱ्याने लढला. कपाळभर जुने व्रण. अंपारो समोरच, हिरव्या स्वेटरमध्ये, मांडीवर माझी जुनी वही. लिब्रादो रिंगमधून उतरला, तिच्यापाशी न जाता सरळ तिसऱ्या रांगेत आला, खुर्ची अकरापाशी उभा राहिला आणि माझ्या कपाळावर शिक्का मारला. शाई गार होती. अरेना हसली. अंपारो उभी राहून काहीतरी ओरडली आणि हसली. या खेपेला बँड वाजत नव्हता, तरी मला शब्द कळले नाहीत, मी तिचं तोंड बघत होतो. मग तिने एकदा इकडे बघितलं, मान हलवली आणि वहीत लिहायला लागली.
शिक्का अजून पुसलेला नाही.
लढत झाली. दोघे लढले. कोण जिंकलं, ते गुरुवारी अंपारो लिहील.