मला कधीच न मिळालेलं "काऊन बे"

सर,

आज लॅबमधलं झाड अपडेट झालं, ते मी चहाचा कप टेबलावर ठेवून खुर्ची पुढे ओढेपर्यंत. झाड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, शब्द तुमचाच. त्या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सगळ्या सॉफ्टवेअरचा सोर्स ट्री. हजारो फोल्डर, आणि प्रत्येक फोल्डरात एकेक प्रोग्राम कसा तयार करायचा त्याची कृती. परदेशातले लोक त्यात रोज काहीतरी बदलायचे आणि ते बदल आपल्याला बुलढाण्यात बसून टेलिफोनच्या तारेवरून ओढून आणावे लागायचे. सकाळी लॅबच्या दारातूनच तुम्ही विचारायचात, "झाडाले पाणी देलं का?" पाणी द्यायचं काम माझं होतं. माझ्या एकटीचं.

माझी पद्धत तुम्हाला आठवत असेल. कॉम्प्युटर एकेका फोल्डरापाशी थांबून तिकडच्या सर्व्हरला विचारायचा, इथे काही बदललं का? नाही. मग पुढच्या फोल्डरात? तिथेही नाही. जनगणनेला निघालेल्या मास्तरासारखा दारोदार. लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. पण मला त्याचा कंटाळा यायचा नाही, कारण त्या झाडात तुमची स्वतःची एक दुरुस्ती होती. मराठी जोडाक्षरं पडद्यावर फुटायची, रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायचा. तुम्ही अख्खी दिवाळीची सुट्टी घालवून ते नीट केलं होतंत. माझी पद्धत तुमच्या दुरुस्तीला धक्का न लावता बाकीचे बदल आत घ्यायची. सकाळ जायची त्यात, पण काही सांडायचं नाही. मला तर ही पद्धत म्हणजे मीच वाटायची.

मग तो आला. वडनेर भोलजी गावचा विद्यार्थी, चपला घासत चालणारा, एकही जर्नल वेळेवर न देणारा. त्याने कुठूनसं शोधून काढलं की घरोघर विचारत हिंडायची गरजच नाही. कालच्या आणि आजच्या झाडात जेवढा फरक, तेवढाच दाबून बांधलेला एक गठ्ठा आणायचा आणि इथे सोडायचा. माझं सकाळभराचं काम त्याने चहाच्या सुट्टीत बसवलं. "अबे, तू तं कमालच केली!" तुम्ही त्याच्या पाठीत इतक्या जोरात थाप मारलीत की त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. माझ्या पोटात दुखलं, सर. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की मला पद्धतीची काळजी वाटते आहे. कसली पद्धत नि कसलं काय, मी सरळसरळ जळत होते.

आणि चार दिवसांत त्याच्या घाईनं घात केला. नवीन पद्धत सुरू करायची तर अख्खं झाड एकदा ताजं उलगडावं लागायचं. त्याने ते उलगडलं आणि जुन्यावर नवं बसलं. तुमची दुरुस्ती पुसली गेली. बाकीची सगळी मशीनं त्याच मशीनवरून झाड घ्यायची, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ती लॅबभर पुसली गेली. पडद्यावर पुन्हा फुटकी अक्षरं दिसायला लागली. खरं सांगते, मला आनंद झाला. आता सर म्हणतील, हिचंच बरोबर होतं. मी ओढणी सावरून ताठ बसलेसुद्धा.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. "काऊन बे!" तुमचा आवाज पार व्हरांड्यात गेला. "फुकटचं झाड हाय म्हून कुऱ्हाड घेऊन घुसला काय त्याच्यात? आधी पाह्यलं काऊन नाही? कायची घाई होती तुले, यस्टी सुटून राह्यली होती?" तो खाली मान घालून उभा. दारात पोरं जमली. तुम्ही बोलतच होतात, आणि थांबलात तेव्हा एक खुर्ची ओढून त्याच्या शेजारी ठेवलीत. "बस. आता पुन्हा लिवू. तू लिवशीन, मी पाह्यतो." मग माझ्याकडे वळलात आणि आवाज एकदम मऊ झाला. "बेटा, तुम्ही निघा आता. अंधार पडते. बाबा वाट पाहून राह्यले असतीन."

तुम्ही. निघा. त्याला 'तू' आणि मला 'तुम्ही'. आपल्याकडे मुलींशी असंच बोलतात, हे मला कळत नव्हतं असं नाही. माझे बाबाही माझ्या मैत्रिणींना 'बेटा' म्हणायचे आणि भावाच्या दोस्तांना 'बे'. त्यात मान होता, माया होती, सगळं होतं. पण दार माझ्यामागे बंद झालं आणि आत खुर्च्या दोनच होत्या.

तुमच्या दुरुस्तीची एक नक्कल माझ्याजवळ होती. न सांगता, भीतीपोटी फ्लॉपीवर काढून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती तुमच्यापुढे धरली. मला वाटलं होतं, तुम्ही उठून उभेच राहाल. तुम्ही हसलात. "राहू द्या बेटा तुमच्यापाशीच. त्याले सोताच लिवू द्या, तवा कळीन." आणि शेजारच्या सरांना म्हणालात, "या पोरीची आपल्याले काही चिंता नाही बाप्पा." लोक अशा वाक्यासाठी आयुष्यभर झुरतात म्हणे. मला ते फेकून मारावंसं वाटलं. ज्याची चिंता नाही त्याच्या शेजारी कोण बसतं? पुढचे कितीतरी दिवस तो तुमच्याकडे संध्याकाळी जात राहिला, काकूंच्या हातची भाकरी अन् ठेचा खाऊन येत राहिला, आणि सकाळी मला सांगत राहिला की काल रफार कसा जागेवर आला. मी "वा" म्हणायचे.

तुम्ही गेलात त्या दिवशीही तसंच झालं. त्याने खांदा दिला. मी काकूंच्या शेजारी बायकांमध्ये बसले होते.

आता तुमच्या खुर्चीत मी बसते. आता अख्खं झाड त्याच्या इतिहासासकट एकदाच उतरवून घ्यायचं आणि मग फक्त नवे बदल आणायचे. शिवाय आपली दुरुस्ती वेगळी राहते, त्या बदलांवर हलकेच येऊन बसते. घाईही नाही आणि नासाडीही नाही. आमचं दोघांचं भांडणच मिटवून टाकलं कोणीतरी. परवा तो गावी लग्नाला आला होता, जाता जाता लॅबमध्ये डोकावला. पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, केस गेलेत, चपला मात्र अजून घासतो. मी त्याला नवी पद्धत करून दाखवली. "वा! फास्टबी हाय, अन् आपलं लिवलेलंबी जात नाही. तुहीबी जितली, माहीबी जितली," तो म्हणाला. मग चष्मा काढून पुसायला लागला. "खरं सांगू? पुण्यात मले सगळे गोड बोलतात. कोणी काही म्हनत नाही. पण कोनतंबी बटन दाबाच्या आधी मले सरच ऐकू येतात. काऊन बे, आधी पाह्यलं का?"

मी कप उचलला, त्यात चहा नव्हता. इतक्या वर्षांनी तेच दुखलं, त्याच जागी. त्याच्याजवळ तुमचा आवाज आहे, सर. माझ्याजवळ तुमचा चांगुलपणा आहे.

"तूबी एखांद्या टायमाले शिव्या खाल्ल्या असशीन ना सरांच्या?" त्याने विचारलं.

"हाव," मी म्हणाले. "एकदा मी लाइन चालू सोडून घरी गेलती, रातभर बिल चढलं. दुसऱ्या दिवशी दारातच धरलं मले. 'काऊन बे, टेलिफोनवाले तुहे मामा हायेत काय?'"

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुले 'बे' म्हनले?"

"हाव. सगळ्यांच्या समोर."

तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. "सरच ते," म्हणाला, "दुसरं कोनी नाही." आणि निघताना माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही दोघं एकाच घरातून मार खाऊन मोठे झालो आहोत.

मी लाइन कधीच चालू सोडली नाही, तुम्हाला माहीत आहे. हे पत्र मी पाकिटात घालणार नाही, त्यावर घालायला पत्ताही नाही. तुमच्या नावावर धडधडीत खोटं बोलले, आणि पुन्हा कोणी विचारलं तर पुन्हा बोलेन. यासाठी तरी एकदा मला रागवा, सर.